कुठे शिकलात, हे सांगताना जीभ का अडखळते?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा विषय मांडते आहे. मतं मुख्यतः आपल्या सांगली-सातारा भागातल्या लोकांची हवी आहेत, कारण पुण्या-मुंबईत परदेशातल्या नामांकित विद्यापीठांत शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात. तिथे कुणी वळूनही बघत नाही.

मी सांगलीची. एमबीबीएस मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून केलं. त्यानंतर सार्वजनिक आरोग्य या विषयात हार्वर्डमधून मास्टर्स. आता परत येऊन जिल्ह्यातच ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्याचं काम करते.

कुणी विचारलं, "परदेशात कुठं होतीस?" की मी "बोस्टनला" म्हणते. ते खोटं नाही. हार्वर्डचा सार्वजनिक आरोग्य विभाग बोस्टन शहरातच आहे, मुख्य विद्यापीठ चार्ल्स नदीच्या पलीकडे केंब्रिज गावात. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण एखादे काका खोदून विचारतातच आणि मग नाव सांगावं लागतं. नाव सांगितलं की बोलणं तिथेच बदलतं. लग्नात जेवायला बसलेलो असताना आत्या पंगतीतल्या सगळ्यांना ऐकवते आणि शेजारी बसलेला, अनेक वर्षं एमपीएससीला बसणारा चुलतभाऊ गप्प होतो. वडिलांच्या मित्रांनी चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला, तेव्हा मी आठवडाभर त्या रस्त्याने जायचं टाळलं. त्यांचं प्रेम मला कळत होतं, तरीही.

हे घरगुती झालं. कामात याचा जास्त त्रास होतो. सुरुवातीला आमच्या आशाताई माझ्याशी मोकळेपणाने भांडायच्या. लोहाच्या गोळ्या रात्री जेवणानंतर घ्यायला सांगूया असं मी म्हटलं, तर एक ताई म्हणाली, "मॅडम, ती बाई पहाटे तीनला उठून फडात जाती. रात्री भाकरी थापून झाली की बसल्या जागी झोपती. गोळी कोण घेणार?" मग आम्ही दुपारच्या भाकरीबरोबर गोळी द्यायचं ठरवलं. असलं शहाणपण मला कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं. पुढे तालुक्याच्या एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी माझी ओळख विद्यापीठाच्या नावासकट, मोठ्या आवाजात करून दिली. त्या दिवसापासून "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम" सुरू झालं. नोंदी वेळेवर यायला लागल्या, पण भांडण संपलं. आणि मला ते भांडण हवं आहे.

तर विचारायचं असं, की नाव न सांगणं बरं का? आणि सांगितलंच तर पुढे बोलणं कसं सावरायचं?

---

हरभटरोड (मूळ सांगली, सध्या अमेरिका)

कृष्णाकाठ, तुम्ही करता ती तिथली जुनी रीत आहे. हार्वर्डवाले "बोस्टनजवळ" म्हणतात, येलवाले "न्यू हेवनला", प्रिन्स्टनवाले "न्यू जर्सीत". हार्वर्डचं नाव उघड घेण्याला तिथे चक्क "एच बॉम्ब टाकणं" म्हणतात.

मी सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचा, नोकरीसाठी इकडे आलो. तिथल्या संकोचाची मुळं मला हळूहळू समजली. हार्वर्ड १६३६ सालचं, म्हणजे अमेरिका देश म्हणून जन्मायच्या कितीतरी आधीचं. आता पदवीसाठी अर्ज करणाऱ्या शंभरात पाचांनाही प्रवेश मिळत नाही. पण माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना तिथे वर्षानुवर्षं झुकतं माप मिळत आलं आहे. २०२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश द्यायला मनाई केली. त्यानंतर, मग बापाच्या पदवीचा विचार कसा चालतो, हा प्रश्न आणखी जोरात विचारला जाऊ लागला. त्यामुळे नाव घेतलं की ऐकणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकदम येतात, हा हुशार असणार आणि हा बड्या घरचा असणार. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

तरी माझं मत लपवण्याच्या विरोधात आहे. एका सहकाऱ्याने मला "बोस्टनजवळ" असं उत्तर दिलं होतं. पुढे दुसऱ्याकडून मला खरं कळलं. त्याचं मोठं विद्यापीठ मला मुळीच खुपलं नाही. पण ते नाव मला झेपणार नाही असं त्याने परस्पर ठरवलं, ते लागलं. लपवणाऱ्याला वाटतं आपण समोरच्याचा मान राखतोय. समोरच्याला मात्र आपल्याला लहान धरल्यासारखं वाटतं.

---

कोयनाखोरे (पाटण)

स्पष्ट लिहितो, ताई, राग मानू नका.

आपल्याकडे "कुठे शिकलास" हा पहिला प्रश्न नसतोच. "कुणाचा?", "गाव कंचं?", "पाव्हणं कुठलं?" इथून सुरुवात. मग नोकरी, पगार, रान किती. कॉलेजचं नाव विचारतात ते शहरात. मी एका लहान खासगी कॉलेजातून इंजिनिअर झालो. त्याचे दोन विभाग आता विद्यार्थी नाहीत म्हणून बंद झालेत. हिंजवडीत नोकरीला लागलो, तेव्हा डब्याच्या टेबलावर पहिल्याच दिवशी प्रश्न आला, "कॉलेज?" मी म्हणालो, "कोल्हापूर साइडला." तुमचं बोस्टन तसं माझं कोल्हापूर.

फरक एवढाच, की तुम्ही लपवता तेव्हा तुमचं काही जात नाही. हवं तेव्हा नाव काढून टेबलावर ठेवता येतं. मी लपवतो, कारण सांगितलं की मुलाखत घेणारा माझ्यासमोरच पुढच्या उमेदवाराचा कागद वर घेतो. हे माझ्याबाबतीत झालेलं आहे. कामात मी कुणापेक्षा कमी नाही, हे सिद्ध करायला मला तीन वर्षं जास्त लागली. तुमची अडचण खरी आहे हे मान्य. पण या प्रश्नाच्या दोन टोकांपैकी ते हलकं टोक आहे, एवढं लक्षात असू द्या.

---

सज्जनगडपायथा

कोयनाखोरे, शब्दाशब्दाला अनुमोदन. मी आयटीआय केलेला माणूस, आता स्वतःचं वर्कशॉप आहे. मुलाच्या शाळेच्या पालकसभेत "शिक्षण" या रकान्याशी आलो की पेन थांबतं.

---

माहेरकराड (कराड)

बाईच्या बाजूने थोडं लिहिते, कारण ती वेगळी आहे.

माझा भाऊ पुण्याच्या सीओईपीचा. त्याच्या लग्नपत्रिकेत नावापुढे पदवी आणि कॉलेज दोन्ही छापलं होतं. मी आयआयटी मुंबईतून एम.टेक. केलं. माझ्यासाठी स्थळं बघायला लागल्यावर मध्यस्थ काकू आईला म्हणाल्या, "बायोडाट्यात नुसतं एम.टेक. लिहा. कुठलं ते नको, मुलाकडचे बुजतात." आईने घाबरून तसं लिहिलं. मी ते परत हाताने लिहून घातलं. काही स्थळं त्यामुळे परत गेली, आणि ती गेली ते फार बरं झालं.

माझे यजमान बी.कॉम. आहेत, कराडात टाइल्सचं दुकान चालवतात. त्यांच्या दुकानात आलेल्या माणसाला माझं शिक्षण ते स्वतः सांगतात, कौतुकाने, आणि लगेच फरशीच्या भावाकडे वळतात. मला त्यांच्याकडून हे शिकायला मिळालं. ते नाव घेतात आणि तिथे थांबत नाहीत.

पुरुषाने नाव लपवलं की तो विनय. बाईला मात्र ते लपवायला सांगितलं जातं आणि मग त्यालाच विनय म्हणतात. म्हणून कृष्णाकाठ, तुम्ही "बोस्टन" म्हणता तेव्हा ते तुमचं स्वतःचं म्हणणं आहे, की कुणीतरी लहानपणापासून शिकवलेलं, हे एकदा तपासून बघा.

---

अजिंक्यतारा (सातारा, निवृत्त शिक्षक)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला जरा मागे जाऊ द्या.

आपल्या आजोबांच्या पिढीत विद्यापीठ माणसाच्या नावालाच चिकटलेलं असे. रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात गणिताच्या परीक्षेत पहिले आले आणि जन्मभर रँग्लर परांजपे राहिले; त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणत. आपल्या साताऱ्याचे रँग्लर महाजनी, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यांचंही तेच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन रयत शिक्षण संस्थेत काम करू लागले. ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण लोकांच्या तोंडी अखेरपर्यंत बॅरिस्टर पी. जी. पाटीलच. यांपैकी कुणाला लोकांनी शिष्ट म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मला याचं कारण असं वाटतं, की ती पदवी घेऊन माणूस कुठे परत आला, हे लोकांना डोळ्यांनी दिसत होतं. परांजपे फर्ग्युसनमध्ये शिकवायला आले. बॅरिस्टर पाटील ज्या संस्थेने वाढवलं तिथेच आले. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात सुरू झालेली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आलेली 'रयत' ही मुलांनी कष्ट करून शिकण्याची जागा होती. तिथल्या मुलाची विलायतेची पदवी गावाला स्वतःची वाटे.

कृष्णाकाठ, तुम्हीही परत आला आहात. मग नाव लपवण्याचं कारण काय?

माझ्या नोकरीच्या काळात मी माजी विद्यार्थ्यांना शाळेत बोलावत असे. मोठ्या ठिकाणी शिकलेला कुणी आला की आम्ही शिक्षक सावरून बसायचो. मुलं मात्र विचारायची, "तिथं जेवायला काय मिळतं?", "घरची आठवण येऊन रडलात का?", "इंग्रजी समजत नव्हतं तेव्हा काय केलं?" नावाचं दडपण मोठ्यांना येतं. आठवीतल्या मुलाला येत नाही, त्याला फक्त माहिती हवी असते.

---

कोरेगावचा

अजिंक्यतारा सर, तुमचाच धागा पुढे नेतो.

सात नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाचा प्रवेश झाला. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तोच मुलगा १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर जात कळल्यावर लाठ्या घेऊन लोक दारात आले. कोलंबियाचं नाव त्यांना एक खोली मिळवून देऊ शकलं नाही.

म्हणून आमच्या घरात पदव्या मोठ्याने वाचल्या जातात. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. त्यात बडेजाव नाही. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं होतं, त्यांनी ते दार ओलांडल्याची ती नोंद आहे.

मी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकलो. परत आल्यावर मला कुणी खोदून विचारत नाही, "कुठलं विद्यापीठ?" मला विचारतात, "कोट्यातून ना?" अशा वेळी मी "तिकडे लंडनला होतो" एवढंच म्हटलं, तर समोरचा आपल्या सोयीने काहीतरी गृहीत धरतो. म्हणून मी नाव पूर्ण घेतो, विभागासकट, प्रबंधाच्या विषयासकट.

ताई, नाव न घेण्याची मोकळीक तुम्हाला आहे, कारण तुमच्या हुशारीवर आधीपासून कुणाचा संशय नाही. हा आरोप समजू नका. पण सगळ्यांनी नम्रपणे नाव टाळावं असा नियम झाला, तर त्याची किंमत माझ्यासारख्यांना मोजावी लागेल.

---

माहेरकराड

कोरेगावचा, हे वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. लिहिल्याबद्दल आभार.

---

माणदेशी (विट्याजवळ)

नमस्कार. मी गलाईवाला. दुकान तमिळनाडूत, घर विट्याजवळ. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेल्यात, म्हाईत असंल. मी धा वर्सांचा असताना काकाबरोबर गाडीत बसलो. शाळा तितंच सुटली.

माजी पोरगी बारावीला हाय. मराठी शाळंतनं शिकली. तिला भाईर शिकायचंय. एकदा तिनं लॅपटॉपवर अमेरिकेच्या कॉलेजची फी बगितली आन् गप लॅपटॉप मिटला. त्यावर आमी घरात कोनच काय बोललो न्हाय, कारन आमास्नी त्यातलं काय कळत न्हाय.

ताई, तुमी बोस्टन म्हनून गप बसला तर आमाला कसं कळायचं की सांगलीची पोरगी तितंवर पोचली हुती? नाव सांगा. लोकं दोन दिस बगत्याल, मग गप बसत्याल. खरं, नुसतं नाव सांगून जाऊ नका. पैसं कुटनं आनलं? परीक्षा कंची? पत्र कुनाची लागत्यात? मराठीतनं शिकल्यालं चालतंय का? तुमचं नाव आईकून माजी पोरगी बुजंल असं मला वाटत न्हाय. कोनीच काय सांगत न्हाय म्हनून ती बुजती.

---

कृष्णाकाठ

माणदेशी दादा, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते.

पैसे: टाटांच्या जे. एन. टाटा एंडाउमेंटकडून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळाली. १८९२ पासून चालू असलेली योजना आहे, उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांना मिळते. ती पुरली नाही. बाकीचं बँकेचं कर्ज, आमचं राहतं घर तारण ठेवून. ते अजून फिटलेलं नाही. फ्लेक्सवर माझा फोटो होता, कर्ज नव्हतं, आणि मला वाटतं माझी निम्मी अस्वस्थता त्यातूनच येते. लोकांना नाव ऐकून हुशारी दिसते, सातबारा आणि तारणखत दिसत नाही. मास्टर्ससाठी फुलब्राइट-नेहरू फेलोशिपही आहे. तिला आधी कामाचा अनुभव लागतो आणि शिकून भारतात परत यावं लागतं.

परीक्षा: इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस. माझ्या वेळी जीआरईसुद्धा दिली. शिफारसपत्रं तीन, त्यातलं एक मिरजेच्या माझ्या सरांचं आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्रात जिथे काम केलं तिथल्या डॉक्टरांचं. स्वतःबद्दलचा निबंध महत्त्वाचा. मी तो ऊसतोडीवरच लिहिला होता. मराठी माध्यम चालतं. मी दहावीपर्यंत मराठीतच शिकले.

कोयनाखोरे, तुमचं म्हणणं पटलं. हलकं टोक माझ्याकडे आहे. कोरेगावचा, तुमचंही. "मी नाव घेत नाही" हे मी आजवर फक्त माझ्यापुरतं धरत होते. त्याचा दुसऱ्यावर भार पडतो, हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

आशाताईंचा प्रश्न मात्र माझ्यासमोर तसाच आहे. तिथे नाव आता सगळ्यांना माहीत आहे, ते परत घेता येत नाही.

---

हरभटरोड

माणदेशी, तुमची मुलगी बारावीला आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. पदवीच्या प्रवेशाचं गणित वेगळं असतं. हार्वर्डमध्ये पदवीसाठी परदेशी मुलांचा अर्जही घरची ऐपत न बघता तपासतात आणि प्रवेश मिळाला तर घरच्या उत्पन्नाप्रमाणे मदत देतात. २०२५-२६ पासून वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिकवणीची फी नाही, आणि एक लाख डॉलरपर्यंतच्या घरांना राहण्या-जेवणाचा खर्चही नाही. संकेतस्थळावर तिला दिसला तो पूर्ण फीचा आकडा होता. प्रवेश अतिशय अवघड आहे, त्याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. पण फी बघून लॅपटॉप मिटायची गरज नाही. अशी मदत करणारी आणखीही काही विद्यापीठं आहेत. यादी करून इथेच टाकतो.

---

अजिंक्यतारा

कृष्णाकाठ, आशाताईंबद्दल. माझा अनुभव शाळेतला आहे, पण बघा उपयोग होतो का. नवीन मुख्याध्यापक आले की शिक्षक बोलेनासे होतात. आमच्या एका मुख्याध्यापिका बैठकीत सगळ्यांत शेवटी बोलत. आधी प्रत्येकाने आपल्या वर्गातली एक अडचण सांगायची, त्यांचं मत तोवर नाहीच. आणि कुणाच्या सांगण्यावरून काही बदललं, तर तो बदल त्या शिक्षकाच्या नावाने वहीत लिहीत. वर्षभरात बैठका पुन्हा गजबजल्या. तुमच्या दुपारच्या गोळीवर त्या ताईचं नाव लिहिलंय का कुठे?

---

कृष्णाकाठ

नाही, सर. अहवालात "कार्यक्रमात बदल करण्यात आला" एवढंच गेलं. पुढच्या अहवालात त्यांचं नाव घालते, त्यांना विचारून. आणि पुढच्या बैठकीत माझी ओळख दुसऱ्या कुणी करून द्यायच्या आधी मीच करून देईन. मिरज, हार्वर्ड आणि घराचं कर्ज, तिन्ही सांगेन.

---

कोयनाखोरे

ताई, आता मनापासून बोलतो. तुम्ही विट्याला जाऊन माणदेशींच्या मुलीला आणि तिथल्या पोरांना हे सगळं समोरासमोर सांगाच. फक्त एक अट. आधी सत्कार घेऊ नका. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत, आभारप्रदर्शन यात दीड तास जातो आणि पोरं सतरंजीवर मांडी घालून पेंगतात. मग "कुणाला प्रश्न?" म्हटलं की कुणी हात वर करत नाही. आमच्या कॉलेजात असे पाहुणे पुष्कळ आले. एकालाही मी काही विचारू शकलो नाही, आणि विचारायचं खूप होतं. तुम्ही खुर्ची नको म्हणा, मुलांत बसा. हवं असेल तर मीही येतो. लहान कॉलेजातून नोकरी कशी मिळवायची, हेही कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

---

माणदेशी

शाल न्हाय, नारळ न्हाय, फ्लेक्स तर न्हायच न्हाय. दिवाळीला आमी समदे गलाईवाले गावाकडं येतो, तवा ठरवू. पोरगी म्हनती, आदुगर सगळ्या पोरांकडनं वहीत प्रश्न लिवून घेती, नावं न घालता, म्हंजे कोन लाजनार न्हाय. दादा, तुमी बी या पाटनवरनं. कोरेगावच्या सरास्नी आन् कराडच्या ताईंस्नी बी माजं आवतान हाय. जेवाय आमच्या घरी.

---

कोरेगावचा

येतो. शाहू शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रं सोबत आणतो. उत्पन्नाचा दाखला आणि जातपडताळणी यातच बहुतेकांचं वर्ष जातं, ते आधीच सांगितलेलं बरं.